जिराफ पोहतो का न्हाई

बोरीच्या शाळेला विज्ञान प्रदर्शनात तीन वर्षांत साधा उत्तेजनार्थ नंबर मिळाला नव्हता. यंदा काहीही करून जिल्ह्यापर्यंत मजल मारायचीच, असं शिवप्रसाद सरांनी मनाशी धरलं होतं आणि त्यांची सगळी भिस्त सातवीतल्या सृष्टीवर होती. पोरगी हुशार, पण हुशार माणसाचं एक दुखणं असतं, त्याच्याकडून सरळ उत्तर निघत नाही.

सृष्टीनं विषय घेतला तोही जगावेगळा. जिराफ पाण्यात पोहतो का? बोरीत जिराफ सोडा, उंटसुद्धा वर्षाकाठी दिसला तर दिसला. तरी तिनं ज्वारीच्या धाटांचा जिराफ केला, मोबाइलवर खऱ्या जिराफाची वजनं शोधली, त्या बेतानं पायांना आणि मानेला वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या आणि पंधरा दिवस तो टबात सोडून पाहिला. लांब पुढच्या पायांच्या वजनानं छाती खाली जायची, मान पाण्यावर आडवी पडायची, नाक जेमतेम वर राहायचं.

"मग पोहतो का न्हाई?" सर रोज विचारायचे.

"तरंगायलाय, सर. पोहायचं मला कसं कळंल?" ती रोज म्हणायची. सरांनी हात टेकले होते.

जिंतूरच्या तालुका प्रदर्शनात परीक्षक आले, टबाकडे ओझरतं बघितलं आणि घड्याळाकडे नीट बघितलं. "एका शब्दात सांग, बाळ. पोहतो की नाही?"

परीक्षकांच्या मागून सर जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. सृष्टीनं ते पाहिलंही.

"पक्कं सांगता येत न्हाई, सर. खऱ्या जिराफाला पाण्यात घालून कुणी तपासलेलंच न्हाई. कॉम्प्युटरवर हिशेब केलेत, त्यात तरंगतो, पण पोहणं लय अवघड जाईल म्हणतेत."

"म्हणजे तुलाच माहीत नाही," म्हणत परीक्षक शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथं एक ज्वालामुखी लाल फेस ओकत होता. नंबर त्याचाच आला.

परतीच्या एसटीत सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "आगं, पोहतो म्हणायला काय जात होतं तुझं? कोण जायलंय आफ्रिकेत बघायला?"

"पण तुमीच म्हणला होता ना, दिसलं तेवढंच लिहायचं."

"ते वहीत! परीक्षकाला जे पाहिजे ते द्यायचं असतं. एवढी अक्कल कधी येणार तुला?"

मांडीवरच्या जिराफाची एक पुरचुंडी फाटली होती, ती सृष्टीनं मुठीत दाबून धरली. बोरी येईपर्यंत ती बोलली नाही. चला, डोक्यात शिरलं एकदाचं, असं सरांना वाटलं आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तासाला सर अंडं, मीठ आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. "मिठाच्या पाण्यात अंडं टाकलं तर काय होईल?"

हात वर झाले. एरवी 'टाकून बघू की, सर' म्हणत सृष्टी सगळ्यांच्या आधी टेबलाशी येऊन उभी राहायची. आज ती जागची हलली नाही.

"सृष्टी, तू सांग."

ती उभी राहिली. चेहऱ्यावर ना राग, ना रुसवा. खरंच काही विचारून घ्यावं, तसं तिनं विचारलं, "तुमाला कोणतं उत्तर पाहिजे, सर?"

त्यापेक्षा पोरीनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. अंडं हातातच राहिलं.