मालकीणबाईंचं नाव माझ्यावर नव्हतं

मित्रांनो, मला उलगडताना जरा जपून हं. मी एक जुना कागद आहे आणि घड्यांवर पार विरलो आहे. लोक मला खरेदीखत म्हणतात, म्हणजे घर कुणाचं हे सांगणारा कागद. घर म्हणाल तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दारापुढे तीन पायऱ्या. पण माझा रुबाब असा, की जणू मी राजवाड्याचाच.

माझा जन्म नोंदणीच्या कचेरीत झाला. टाइपरायटरने मला चांगलं बडवून काढलं, दोन शिक्के बसले आणि मालकांनी खाली झोकदार सही केली. मालक छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, चुका शोधत प्रुफं वाचायचे. मालकीणबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. घराचे निम्मे पैसे त्यांच्या शिलाई मशीनवरच जमले होते. पण त्या दिवशी लेकीला गोवर निघाला होता. त्या घरीच राहिल्या आणि माझ्यावर एकट्या मालकांचं नाव चढलं. "तुझं नंतर घालू," मालक म्हणाले. ते नंतर काही उजाडलं नाही.

कपाटात, चादरींच्या खाली, माझी चाळीस वर्षं सुखात गेली. पाहुणे आले की मालक मला काढून मिरवायचे. मग पाहुणे कमी झाले. छापखाना बंद पडला. मालकीणबाईंना दम्याने गाठलं. औषधं महाग, छप्पर गळकं, आणि लेक दूर, तीही भाड्याच्या घरात.

एका सकाळी कपाटासमोर दोघांचं बोलणं चाललं होतं.

"घर विकून लहान घेऊ," मालक म्हणाले.

"ह्याहून लहान? मग एकाने पायरीवर झोपायचं का?"

"बरं, मागची खोली भाड्याने देऊ."

"तुम्हाला माझं घोरणं सोसत नाही, परक्याचं सोसणार?"

शेवटी मालकांनी तिसरी वाट शोधली. म्हाताऱ्या माणसांसाठी बँकेत एक कर्ज होतं. घर तारण ठेवायचं, बँकेने दरमहा पैसे द्यायचे, राहायचं आपल्याच घरात. कर्जाची फेड कर्ज घेणारा गेल्यावर.

मालक मला पिशवीत घालून एकटेच बँकेत गेले. करारातल्या छपाईच्या दोन चुका त्यांनी जागेवर दाखवल्या. तिथल्या अधिकारीबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "आजोबा, आजींचं नाव घाला. आधी घर दोघांचं करू, मग कर्ज दोघांचं. पंधरा दिवसांचं काम आहे. नाहीतर तुमच्यानंतर त्यांना तिथे राहता येणार नाही."

"कर्जाच्या कागदावर तिचं नाव नको. तिने आयुष्यात कुणाकडून काही उसनं घेतलेलं नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि तिची छाती ही अशी. मागे राहणार तो मीच."

माझ्या घड्यांत कळ आली, पण कागदाला तोंड कुठे असतं? सही झाली आणि मी बँकेच्या तिजोरीत गेलो.

सहा वर्षांनी मला बाहेर काढलं तेव्हा समोर मालकीणबाई होत्या, लेकीचा हात धरून. मालक झोपेतच गेले होते. अधिकारीबाईंनी हळू आवाजात सांगितलं, वर्षभरात सगळं कर्ज फेडायचं, नाहीतर घर विकायचं. फेडून उरेल ते तुमचं. लेकीने मान खाली घातली. तिच्याकडे तेवढे पैसे कुठले?

"त्यांनी माझं नाव का नाही घातलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

अधिकारीबाईंनी मालकांचं उसन्याबद्दलचं बोलणं सांगितलं. छातीचं मात्र गाळलं.

मालकीणबाई बराच वेळ माझ्यावरच्या सहीवरून बोट फिरवत राहिल्या. "दुसऱ्यांच्या चुका बऱ्या दिसायच्या ह्यांना," त्या म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं तरी. मला उसन्याची भीती नव्हती हो. घराबाहेर पडायची होती."

घर विकलं गेलं. वारस म्हणून मालकीणबाईंनी विक्रीच्या कागदावर सही केली. घराच्या कागदावर त्यांचं नाव आलं ते असं. आता त्या लेकीच्या बाहेरच्या खोलीत झोपतात, आणि मी नव्या मालकाच्या फायलीत सगळ्यात खाली पडून आहे.

मित्रांनो, आज घरी गेलात की घराचे कागद मागा आणि त्यांवरची नावं मोठ्याने वाचा. "तुला काय करायचंय?" असं मोठे म्हणतील. म्हणू देत. एखादं नाव राहिलं असेल तर ते माणूस बहुतेक आतल्या खोलीत कामात असेल. त्याला हाक मारा, समोर बसवा, आणि मगच कुणाला सही करू द्या.