मागची उंची, पुढची उंची

राजेश्वरीने मलकापुरातल्या निम्म्या बायकांच्या पाठी मोजल्या होत्या, पण स्वतःच्या पाठीला बावीस वर्षांत टेप लावली नव्हती. स्वतःचा ब्लाऊज ती जुन्या ब्लाऊजवरून बेतायची, तो जुना त्याच्या आधीच्यावरून, असंच चाललेलं. आता मात्र एकुलत्या एका लेकीचं, अंकिताचं लग्न सांगलीच्या मुकुलशी ठरलं होतं. वरमाईशेजारी उभं राहायचं तर पैठणीवरचा ब्लाऊज तरी अंगाच्या मापाने शिवावा, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने अंकिताच्या हातात टेप दिली आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

"मागची उंची साडेपंधरा," अंकिता म्हणाली. "पुढची चौदा."

"चुकलीस. परत घे."

अंकिताने परत घेतली. साडेपंधरा आणि चौदाच आली.

"लिहू का?"

"लिही," राजेश्वरी म्हणाली.

अंकिताला त्या आकड्यांत काही वावगं दिसलं नाही, आणि दिसणार तरी कसं? ते शिवणाऱ्यालाच कळतं. पाठ सरळ असली की मागची आणि पुढची उंची जवळपास सारखी भरते. खांदे पुढे पडले, पाठीला बाक आला की मागचं माप वाढतं आणि पुढचं आखडतं. मग मागचा भाग लांब कापावा लागतो, नाहीतर ब्लाऊज मागून वर चढतो. अशा बायकांसाठी राजेश्वरीचं खास कापणं होतं. तिने मापांची वही उघडली आणि बनुबाईंचं पान काढलं. बनुबाई वरच्या आळीच्या, वय पंच्याहत्तर, काठी टेकत यायच्या. मागची साडेपंधरा, पुढची चौदा.

राजेश्वरी अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

तिला साखरपुडा आठवला. सांगलीच्या त्या कार्यालयात मुकुलच्या कुठल्याशा आत्याने तिच्या हातावर पेढा ठेवत विचारलं होतं, "तुम्ही अंकिताच्या आजी का?" ती हसून म्हणाली होती, "आई." आत्याबाई ओशाळल्या आणि विषय तिथेच मिटला. शेजारी मुकुलची आई सुहासिनीबाई उभ्या होत्या, निवृत्त पीटी शिक्षिका, देवळातल्या समईसारख्या ताठ. त्यांनी ते ऐकलं असावं.

संध्याकाळी नवरा एसटीची ड्यूटी संपवून घरी आला. ज्ञानू कंडक्टर होता आणि माणूस सरळमनाचा. तिने विचारलं, "आवं, माझ्या पाठीला पोक आलंय का?"

ज्ञानूने तिला नीट निरखून बघितलं. "मला तर तू पहिल्यापास्नं अशीच दिसतीस," तो म्हणाला.

त्याने हे मायेनेच म्हटलं होतं, पण त्या रात्री त्याला आमटीत मीठ जरा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे केरबा हवालदार पँट आखूड करायला घेऊन आले. केरबा पलटणीत पीटीचे उस्ताद होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी दळण आणायलासुद्धा कवायतीला निघाल्यासारखे चालायचे. राजेश्वरीने पँट बाजूला ठेवली आणि विचारलं, "भाऊजी, वाकलेलं माणूस सरळ व्हतं का?"

"कोण वाकलंय?"

"मीच."

केरबांनी उगाच धीर दिला नाही. त्यांनी बायकोला हाक मारली. शालूबाई पदराला हात पुसत आल्या, तशी केरबा म्हणाले, "हिला बघून करायचं. मी लांबनं सांगतो." एरवी घरात शालूबाईंचा हुकूम चालायचा. आज मात्र त्या मुकाट्याने भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. टाचा, बैठक, खांदे आणि डोकं, चारही भिंतीला लागलं. राजेश्वरी तशीच उभी राहिली. टाचा लागल्या, बैठक लागली, खांदे ओढूनताणून लागले. डोकं मात्र लागेना. शालूबाईंनी मधल्या फटीत बोटं घालून पाहिली.

"चार बोटं," त्या म्हणाल्या.

"ते जोर करून लावायचं न्हाई," केरबांनी बजावलं. "मान वर केली की डोकं लागंल, पर ती लबाडी झाली. हनुवटी मागं घ्या. आनी वैनी, मला एक सांगा. सुईत दोरा ओवताना तुमी सुई डोळ्याजवळ आणता का डोळा सुईजवळ नेता?"

राजेश्वरीने नकळत डोकं मागे घेतलं.

"मग आदी चष्मा करा. माझ्या कसरतीनं डोळं सुधारायचं न्हाईत."

चष्मा झाला. केरबांनी स्वतः दोन विटा आणून मशीनच्या पायांखाली घातल्या आणि स्टूलही उंच करून दिलं. मग एकेक कसरत शिकवली. दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे आखडलेली छाती उघडते. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली, कण्याच्या रेघेत घेऊन पाच मिनिटं उताणं पडायचं. एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे घ्यायचा, म्हणजे दिवसभर बसून आवळलेला जांघेचा ताण सुटतो. आणि शेवटची अट अशी, की मशीनच्या बॉबिनमधला दोरा संपला की जागेवरून उठायचं. नवी बॉबिन भरण्याआधी दोनदा हात वर ताणायचे.

"सलग दोन तास बसून मग सकाळी अर्धा तास कसरत केली तर ती पान्यात गेली," केरबा म्हणाले.

पहिले आठ दिवस राजेश्वरीने उत्साहाच्या भरात सगळं दुप्पट केलं. नवव्या दिवशी मान अशी धरली, की ग्राहकाशी बोलताना अख्खं अंग वळवावं लागलं. केरबा भडकले.

"भरतीला जायचंय का तुमास्नी? दुखंस्तवर ताणायचं कुणी सांगितलं? गोड ताण वाटला की थांबायचं. चार दिवस सुट्टी!"

सुट्टीनंतर ती शहाणी झाली. सकाळी सहाला दूध तापेपर्यंत भिंत आणि चौकट, दुपारी टॉवेल, आणि दिवसभर बॉबिन. दुकानात बसलेल्या बायका आधी हसायच्या, पण मधेच एखादी उठून तिच्याबरोबर हात वर करायची. दर रविवारी अंकिता माप घ्यायची. पंधरा दिवस काहीच हललं नाही. मग एका रविवारी अंकिता म्हणाली, "आई, मागची सव्वापंधरा!" आणि मायलेकी दुकानातच नाचल्या.

मार्च सरत आला तसे लग्नातले ब्लाऊज एकेक करून हातावेगळे होत गेले. नवरीचे पाच झाले, मावश्यांचे झाले, शालूबाईंचाही झाला. राजेश्वरीच्या ब्लाऊजचं कापड मात्र घडी घालून तसंच पडून होतं. "बदलतंय म्हटल्यावर आत्ताच कशाला कापू?" ती म्हणायची.

अशात एके दिवशी फोन न करताच सुहासिनीबाई सांगलीहून आल्या. राजेश्वरीची तारांबळ उडाली. चहा झाला, पोहे झाले. मग सुहासिनीबाई पिशवीतून कापड काढत म्हणाल्या, "माझाही ब्लाऊज तुम्हीच शिवावा अशी इच्छा आहे. अंकिताचे बघितले मी. सांगलीत एवढा नेटका हात नाही."

राजेश्वरी सुखावली. आतल्या खोलीत नेऊन ती माप घ्यायला लागली. छाती झाली, खांदा झाला. कंबरेला टेप फिरवताना मात्र तिची बोटं थबकली. साडीच्या आत काहीतरी टणक होतं. रुंद, घट्ट आवळलेलं. तिने वर बघितलं. सुहासिनीबाईंचा चेहरा पडला होता.

"पट्टा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "दार लावता का जरा?"

दार लावल्यावर त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी कुंडी उचलताना कंबरेत चमक भरली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला तो सहा आठवड्यांसाठी. दुखणं बरं झालं, पण भीती गेली नाही. पट्टा काढला की आता परत काहीतरी होईल असं वाटायचं. म्हणून त्या वाकतच नसत. जमिनीवर बसत नसत, खाली पडलेलं काही उचलत नसत.

"तीस वर्षं मुलींना पायाच्या अंगठ्याला हात लावायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि आता स्वतःच्या पायातलं जोडवं सरळ करता येत नाही मला. मुकुललाही माहीत नाही. सगळे म्हणतात, मॅडम किती ताठ!"

राजेश्वरीला हसू आलं. ते दाबायचं होतं पण दाबलं गेलं नाही. सुहासिनीबाई दचकल्या. तशी ती घाईने म्हणाली, "तुमाला हसले न्हाई ओ! तुमी वाकत न्हाई म्हणून रडताय, आणि मी सरळ व्हायला दीड महिना झाला भिंतीला टेकून हुबी ऱ्हातेय!"

मग तिने वही काढून दाखवली. बनुबाईंचं पान, स्वतःचं पान, दर रविवारचे आकडे. सुहासिनीबाईंनी ते काळजीपूर्वक वाचलं, शाळेत वह्या तपासायला बसल्यासारखं. मग त्यांनाही हसू फुटलं.

"साखरपुड्यात आमच्या वन्संनी विचारलेलं मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बघायचं धाडस होईना मला. म्हटलं, आता ही बाई आम्हाला कायमची गर्विष्ठ समजणार."

"समजलेच होते," राजेश्वरी म्हणाली.

जाताना दोघींचं ठरलं, रोज सकाळी एकमेकींवर नजर ठेवायची. सुहासिनीबाई सांगलीत वल्लरी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. तिने तपासून सांगितलं, कंबर चांगली आहे, फक्त वापर नसल्यामुळे मांड्यांचे मागचे स्नायू दोरीसारखे आखडलेत. रोज एक तास पट्टा काढायचा, मग दोन तास. पाठ गोल न करता खुब्यातून वाकायचं. आणि रोज सकाळी सहाला मलकापुरातून सांगलीला व्हिडिओ कॉल जायला लागला.

"पट्टा काढला का?" राजेश्वरी विचारायची.

"काढलाय. तुमची हनुवटी बघा, परत पुढे आली."

कधी मधेच केरबा कुंपणापलीकडून ओरडायचे, "श्वास सोडा! श्वास कोन सोडनार?" आणि सांगलीच्या सुहासिनीबाई त्या न पाहिलेल्या माणसाच्या हुकमावर श्वास सोडायच्या. ज्ञानू दाढी करता करता म्हणायचा, "दोन विहिणींचं एवढं गूळपीठ मी जन्मात बघितलं न्हाई."

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा राजेश्वरीने स्वतःचं कापड उलगडलं. अंकिताने शेवटचं माप घेतलं. मागची पंधरा, पुढची साडेचौदा.

"अर्धा इंच राहिला," अंकिता हळहळली.

"राहू दे. बावीस वर्षं वाकलेय मी, अडीच महिन्यांत किती जाणार?" राजेश्वरीने खडूने रेघ ओढली आणि मागचा भाग अर्धा इंच जास्त ठेवून, जसं अंग होतं तसं, कापलं. शिवून घातला तेव्हा तो कुठे चढला नाही की लोंबला नाही. आरशासमोर तिने पदर घेतला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. चेहरा तोच होता, पण मान जरा मोकळी दिसत होती. गळ्यातलं मंगळसूत्र इतके दिवस लोंबकळायचं, आज ते छातीवर नीट टेकलं होतं.

एप्रिलअखेर सांगलीत लग्न लागलं. ऊन मी म्हणत होतं, पंखे नुसतेच गरगरत होते, पण कार्य निर्विघ्न पार पडलं. केरबा फेटा बांधून दारातच उभे होते आणि आल्यागेल्याला आहेर ठेवायची जागा दाखवत होते. सुहासिनीबाई त्यांना पहिल्यांदाच भेटत होत्या. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "श्वास सोडतेय हं, उस्ताद." केरबा एवढे लाजले की फेटा सरळ करायच्या निमित्ताने आत निघून गेले.

दुपारी विहिणीची पंगत बसली. मानाची पंगत म्हणून पाटरांगोळी मांडून जमिनीवरच केली होती. मुकुलने लगबगीने आईसाठी खुर्ची आणली, कारण दोन वर्षांत तिला खाली बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

"ने ती परत," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी निऱ्या सावरल्या. एक गुडघा टेकवला, मग दुसरा, पाठ तशीच सरळ ठेवून हळूच पाटावर बसल्या आणि मांडी घातली. मुकुल खुर्ची हातात धरून बघतच राहिला. राजेश्वरी वाढायला उभी होती. तिने पुरणपोळी ताटात ठेवली, वर तूप सोडलं आणि आणखी एक घ्यायचा आग्रह केला.

"आता तुम्ही पण बसा," सुहासिनीबाईंनी तिचा हात धरला.

"आवं, मुलीच्या आईनं वाढायचं असतंय."

"मुलीची आई दमलीय. सकाळपासून पायावर आहे. बसा म्हणते ना."

शेजारचा पाट ओढला गेला आणि दोन विहिणी मांडीला मांडी लावून जेवायला बसल्या. जेवण आटोपेपर्यंत सुहासिनीबाईंच्या पायांना मुंग्या आल्या आणि राजेश्वरीच्या कंबरेत दिवसभराच्या धावपळीची कळ उठली. एकमेकींना धरून उठताना दोघी हसून हसून परत खाली बसल्या. शेवटी नव्या नवरीलाच शालूचा पदर खोचून मदतीला यावं लागलं.

"आज मुक्काम आमच्याकडेच. उद्या सकाळी सहाला," सुहासिनीबाई पाय चोळत म्हणाल्या. "विसरू नका."

"उद्या तरी झोपा की दोघी!" अंकिता म्हणाली.

"तूच ये चहा घेऊन," राजेश्वरी म्हणाली. "आम्ही गच्चीवर असू."