काचेचा धागा

झोरियानानं निवा गाडी कोठारात घालून इंजीन बंद केलं, तोच फाटकाबाहेर रस्त्यावर स्फोटकं बांधलेलं ड्रोन उतरलं. फुटलं नाही, उडूनही गेलं नाही. फाटकाकडे तोंड करून धुळीत बसून राहिलं.

"तुझ्या टपावरच्या डब्याला काय धाड भरली?" ओनिसिम आजोबा कुजबुजले. "त्यानं म्हणे ही पाखरं आंधळी होतात."

"जॅमर रेडिओवर चालणाऱ्यांना आंधळं करतो, आजोबा. याच्या शेपटीला काचेचा धागा आहे, थेट शत्रूच्या खंदकापर्यंत. चालवणाऱ्याला धाग्यातूनच सगळं दिसतं."

"म्हणजे डबा नुसता मिरवायला!"

युद्धाआधी ती खारकिव्हला टॅक्सी चालवायची. आता आघाडीजवळच्या गावांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना बाहेर काढायची. आज ती ओनिसिम आजोबांना न्यायला आली होती; त्यांनी तिला आधी दोनदा परत धाडलं होतं. तेव्हाच निघाले असते तर, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

कोठाराला दार एकच. मागच्या शेतात सुरुंग. पत्र्याखाली दुपार तापत गेली. आजोबांनी पाव आणि खारवलेली चरबी कापून पुढे केली. मधूनच बाहेर पंखे गरकन फिरत आणि थांबत.

"बॅटरी संपेल की त्याची."

"त्याआधी दुसरं येतं."

आजोबांनी उरलेला पाव फडक्यात बांधला. मग म्हणाले, "तू एकटी निघून जा, पोरी. माझं काय, पिकलं पान."

"गप्प बसा हो! एकटीनं गेले तर ते काय वाट सोडणार आहे?"

ऊन कलल्यावर आलुबुखाऱ्याच्या झाडावर काहीतरी चमकलं. धागा! तिनं निरखून पाहिलं, तर एक नव्हे, कितीतरी. आधीच्या ड्रोननी टाकलेले जुने धागे कुंपणभर कोळिष्टकांसारखे लोंबत होते. यांतला ह्याचा कुठला?

तिनं आजोबांची मेंढ्या कातरायची कात्री घेतली आणि कुंपणाच्या आडोशानं पोटावर सरपटत गेली. हाताला लागेल तो धागा कापत सुटली. अचानक पंखे फिरले. तिनं खाजकुयलीसारख्या झोंबऱ्या पाल्यात तोंड खुपसलं. श्वास कोंडला. पंखे थांबले.

"तुटला का?" ती परतल्यावर आजोबांनी विचारलं.

"कुणास ठाऊक."

त्यांनी काठीवर टोपी अडकवून दाराबाहेर नाचवली. ड्रोन ढिम्म.

"बघ, मेलंय!"

"टोपीसाठी कोण स्फोटकं वाया घालवेल, आजोबा? पण दुसरं यायच्या आत निघायला हवं. बसा गाडीत."

फाटक ओलांडताना चाक ड्रोनच्या अगदी जवळून गेलं. त्याचा काळा डोळा तिला स्पष्ट दिसला. तिनं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पाठीमागे स्फोट झाला नाही. धागा तुटला होता, बॅटरी संपली होती, की पलीकडच्या माणसाचा डोळा लागला होता, हे तिला कधीच कळलं नाही.

ड्रोन अडवायला रस्त्यावर ताणलेल्या जाळ्यांखालून ते शहरात पोचले. निर्वासितांच्या छावणीपुढे बायका कढत सूप वाढत होत्या. एकीनं गाडीचं दार उघडलं. आजोबा उतरले. झोरियानाची बोटं मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात.

"चल ना पोरी, पोचलो आपण."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. समोरच्या मोकळ्या, जाळी नसलेल्या निळ्या आभाळाकडे बघत तिनं दार पुन्हा ओढून घेतलं.