तिन्हीसांजेचा केर

बोर्ली पंचतनची मैथिली घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि या धंद्यात पडल्यापासून तिचं माणसांविषयीचं मत काही फारसं चांगलं राहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाताना लोक निदान तोंड धुऊन जातात; कॉम्प्युटर मात्र आहे तसा पुढे करतात. कीबोर्ड उलटा करून आपटला की त्या घरात महिनाभर काय काय खाल्लं गेलं ते टेबलावर येतं. कोलंबीची सालं, शेव, आणि एकदा तर कुणाच्या तरी पायाचं नख.

हरिहरेश्वरला मार्तंड गुरुजींकडे जाताना मात्र ती निर्धास्त होती. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, मागे सुपारीची वाडी, आणि स्वच्छतेचं वेड इतकं की त्यांच्या अंगणात पाऊल टाकताना आपल्याच पायांची लाज वाटावी. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर शिकले, आणि तेव्हापासून रोज सकाळी गावातल्या ग्रुपवर त्यांची ‘आजची संगणक टीप’ येऊन पडते. ‘डेस्कटॉप हे आपले अंगण आहे. रोज झाडा.’ ‘पेनड्राइव्ह म्हणजे बाहेरची चप्पल. घरात घेऊ नका.’ मैथिलीला कुणीतरी न विचारताच त्या ग्रुपात घातलं होतं, त्यामुळे सगळ्या टिपा तिनं मुकाट्यानं गिळल्या होत्या.

कॉम्प्युटर माजघरात, देवघराला लागूनच होता. वर क्रोशाचं पांढरंशुभ्र झाकण.

“काल रात्रीपासून तीनदा ओरडतो आणि गप्प होतो,” गुरुजी म्हणाले. “धुळीचं नाव काढू नकोस. मी स्वतः रोज पुसतो.”

मैथिलीनं स्क्रू काढून कडेचा पत्रा ओढला. नऊ वर्षांच्या खंडेनवमीचं हळदकुंकू जाळीतून आत पडून धुळीत कालवलं गेलं होतं. अक्षतांना बुरशी आलेली, कोपऱ्यात झुरळांची अंडी, आणि उदबत्तीच्या काजळीची चिकट साय सगळ्यावर धरलेली. पंख्याच्या पात्यात पाल अडकून मेली होती, अर्धी वाळलेली, अर्धी अजून ओली. मैथिलीनं ओढणी नाकावर बांधली. वरून कीर्तन, आतून तमाशा, ती मनात म्हणाली.

गुरुजी चार पावलं मागे सरले. “शी. अमिषा, हे उचल. आणि आपल्या डब्यात नको, वाडीच्या गडग्यापलीकडे टाकून ये.”

अमिषा त्यांची सून. पेणकडची, मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातली. नवरा प्रज्योत पनवेलला नोकरीला होता आणि ही इथे सासूसासऱ्यांपाशी राहून बी.एड. करत होती. तिनं निमूटपणे कागदात पाल घेतली. हात धुवायचं निमित्त करून मैथिली तिच्यामागून परसात गेली.

“ताई, चालू होईल ना?” अमिषानं हळूच विचारलं. “माझा प्रकल्प हाय त्यात. मिठागरातल्या मुलांच्या शाळेवर. चार महिने लिहितेय. आज रात्री नऊच्या आत कॉलेजला पाठवायचाय.”

“दुसरीकडे कुठे ठेवला नाहीस?”

“पेनड्राइव्ह बाबांनी काढून घेतला. मी इंटरनेटवर ठेवत होते, तेपण बंद करून टाकलं. म्हणाले, आपलं घरातलं लोकांच्या घरी कशाला? काल दिवेलागणीनंतर बघते तर फाईल जाग्यावर न्हाय. दिवा लागल्यावर त्यांनी डेस्कटॉप झाडला होता. कचऱ्याच्या डब्यात दिसली, आता उचलणार, तर हा बंद पडला.”

“मग डब्यातच असेल. घाबरतेस काय?”

“बाबा रोज तिन्हीसांजेच्या आधी डबा रिकामा करतात.”

मैथिलीला आधी हसू आलं. मग ते विरलं. दिवा लावायच्या आधी घर झाडून केर टाकायचा, आणि एकदा दिवा लागला की केर बाहेर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, हे तिच्या आईनंही शिकवलेलं होतं. पण कॉम्प्युटरमधल्या डब्यालाही तो नियम लावणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. त्या नियमामुळे काल रात्री फाईल वाचली होती आणि त्याच नियमानं ती आज जाणार होती.

तिनं कामाला वेग दिला. रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं, रॅमची पट्टी काढून तिचे पाय खोडरबरनं घासले, पंखा नवा बसवला. हे चालू असताना गुरुजी लांबूनच ब्रश कसा धरावा ते सांगत होते. त्यांची बायको गोदूकाकू स्वयंपाकघराच्या दारात बसून सुपाऱ्या सोलत होत्या.

पाचच्या पुढे कॉम्प्युटर एकदाच ओरडला आणि सुरू झाला. मैथिलीनं माउसला हात लावायच्या आत गुरुजींनी खुर्ची पुसली, बसले, आणि फक्त त्यांनाच ठाऊक असलेला पासवर्ड घातला.

“सर, मला पाच मिनिटं तपासू द्या.”

“आधी केर. मग बाकीचं.”

“त्यात अमिषाची फाईल आहे. चुकून गेलीय.”

“चुकून कशानं? नाव वाचूनच टाकली मी.” त्यांचा आवाज जराही चढला नाही. “मिठागरं, चिखल, उघडीनागडी पोरं. वर फोटोसुद्धा. देवाशेजारी असलं काही नको. अभ्यासाला चांगल्या विषयांची काय वाण आहे?”

“बाबा, त्या फोटोत माझा भाऊ हाय,” अमिषा म्हणाली.

“असेना का.”

मैथिलीला किळस आली. पालीची आली होती त्याहून जास्त. पाल बिचारी उबेला आली होती. हा माणूस आंघोळपांघोळ करून, हात स्वच्छ धुऊन हे करत होता. माउस हिसकावून घ्यावा असं तिला वाटलं, पण घर त्यांचं, यंत्र त्यांचं, आणि ती बोलावून आलेली. गुरुजींनी डबा उघडला. आत एकच फाईल होती. कायमचं काढून टाकायचं का, असं पडद्यानं विचारलं.

इतक्यात देवघरात घंटा वाजली.

“दिवा लागला,” गोदूकाकू म्हणाल्या.

गुरुजींनी मान वळवली. बाहेर पोफळींच्या शेंड्यांवर चांगलं ऊन होतं. “अगं, साडेपाचसुद्धा वाजले नाहीत.”

“दिवा लागला. आता केर काढायचा नाही.”

“ही काय वेळ आहे का?”

“लावला तो लावला,” काकू म्हणाल्या. “विझवायचा असला तर तुम्ही विझवा.”

देवापुढचा लागलेला दिवा विझवायचं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. गुरुजींचा हात माउसवर तसाच राहिला. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग मैथिलीकडे, जी उद्या हे घेऊन बोर्लीच्या बाजारात जाणार होती. मग त्यांनी ‘नाही’वर बोट दाबलं आणि हातपाय धुवायला उठले. थोड्या वेळानं देवघरातून शुभंकरोती ऐकू यायला लागलं, पोरांना दमात घेतल्यासारखं.

मैथिलीनं फाईल जागेवर आणली आणि अमिषाच्या मेलवरून पाठवायला घेतली. नेटवर्क रांगत होतं. तेवढ्यात काकूंनी दिव्यात दोनदा तेल घातलं.

“गेली,” मैथिली म्हणाली. अमिषा होती तिथंच जमिनीवर बसली.

काकू पडद्याजवळ आल्या. “त्या डब्यात खाली आणखी काही असेल का गं?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. “गणपतीत मी थोडं लिहिलं होतं. माहेरचं. सात-आठ पानं झाली होती. दुसऱ्या दिवशी सापडेना. म्हटलं, माझंच बोट कुठंतरी चुकीचं लागलं असणार. मग पुन्हा बसलेच नाही.”

खाली काही नाही हे दिसत असूनही मैथिलीनं एकदा खाली जाऊन पाहिलं. डबा लख्ख होता.

“नाही हो काकू. तो रोज रिकामा होत होता.”

काकूंनी मान हलवली. देवापुढे डोळे मिटून, हात जोडून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “ते फार स्वच्छ आहेत.”

आणि त्या वात सारायला देवघरात गेल्या.