न वळणारी मांडी

उत्तरकाशीच्या आश्रमात तितिक्षानंद महाराजांच्या गुडघ्यांना रोज सकाळी मोहरीचं तेल चोळलं जायचं. सेवा म्हणून नव्हे. संन्याशाला जाळत नाहीत, पद्मासनात बसवून पुरतात. आणि गंगेकाठी आधीच बांधून ठेवलेला समाधीचा खड्डा बसलेल्या माणसाच्या मापाचा होता. महाराजांचा उजवा गुडघा तर दोन वर्षांपासून वळेनासा झाला होता.

"सवय मोडू देऊ नका, महाराजजी," त्यांचा पाय मुडपत मुकुंदचैतन्य म्हणाला. आश्रमाचा सगळा कारभार त्याच्याकडे. "वरच्या कुटीतल्या बाबांचा पाय शेवटी मोडावा लागला. कडकन्. भक्तांच्या देखत."

"मेल्यावर खुशाल मोड. मला काय कळणारे?"

"आश्रमाची अब्रू जाते ना."

"जित्या माणसाचे हाल, अन् मढ्याची काळजी!" चहा ठेवता ठेवता बिशनी फणकारली. अठरा वर्षं ती इथलं स्वयंपाकघर सांभाळत होती. मुकुंदला ती भीत नसे.

महाराजांनी चहा उचलला. बोलायचाही कंटाळा आला होता. मन एका जागी ठरावं, एवढ्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी घर सोडलं. तरुणपणी ते ठरायचंही. आता हृदयात ठेवायला गेलं की थेट गुडघ्यात जाऊन बसायचं. ध्यान लागत नव्हतं असं नाही; रोज दोन तास लागायचं, दुखण्यावर. आणि वेदनेनं ताठलेल्या त्या चेहऱ्याला समोरचे मूर्ख तेज म्हणायचे. मरण्याआधी एकदा, एकदाच, मन पुन्हा ठरावं. बाकी काही नको होतं.

सत्संगाला साठेक माणसं जमली. महाराज आसनावर आले, भिंतीला टेकले आणि त्यांनी दोन्ही पाय सरळ लोकांकडे पसरले.

सभेत कुजबुज झाली. गुरूचे तळवे भक्तांच्या तोंडासमोर!

"महाराजजी, पाय!" मुकुंद दातओठ खात पुटपुटला.

"खड्ड्याचं माप बदल, नाहीतर मला गंगेत सोड. ही मांडी आता मी वळवणार नाही."

"लोकांना काय सांगू?"

"म्हातारा थकला म्हणून सांग. खोटं बोलायची सवय तुलाच आहे, म्हणून जड जातंय."

मागून एका म्हातारीनं भीत भीत विचारलं, "बाबा, मी पण पसरू का? माझेही गेलेत गुडघे."

"पसर, माई. इतकी वर्षं का नाही विचारलंस?"

"तुम्हीच कुठं पसरले होते?"

महाराजांना ते लागलं. बरोबर बोलली होती. त्यांनी डोळे मिटले. गुडघा थोडा वेळ ठणकला, मग कुणी विचारीना म्हटल्यावर गप्प झाला. श्वास बारीक होत गेला.

दुपारी बिशनीनं ताट पुढ्यात ठेवलं.

"अर्धी माणसं उठून गेली, बाबा. मुकुंद हात जोडून मागं धावत होता. केवढा आरडाओरडा!"

"कधी?" महाराजांनी विचारलं, आणि भातावर डाळ ओतून घेतली.