चौघांचा एकच सूर

उमाकांत मास्तरांना शाळेच्या बँडचा कारभार मिळाला तो त्यांना बिगूल वाजवता येत होता म्हणून, आणि वर्षभर टिकला तोही फक्त त्यांनाच वाजवता येत होता म्हणून. ही दुसरी गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती.

जयनगरातली ती मराठी शाळा बंगळूरच्या कारखान्यांत इंजिनियर म्हणून आलेल्या मंडळींनी काढलेली. एकसष्ट साली मुख्याध्यापक दामोदरपंतांनी लष्कराच्या लिलावातून चार बिगूल, तीन साइडड्रम आणि एक मोठा ड्रम उचलला आणि मास्तरांना म्हणाले, "पुढच्या सव्वीस जानेवारीला शिक्षण खात्याचे साहेब येतील. बँड नीट वाजला की तुमची नोकरी कायम." मास्तर हंगामी होते. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि जूनमध्ये पुन्हा हात जोडायचे, याला ते विटले होते.

ड्रमची अडचण आली नाही. चामड्याला हात लागला तर घरी जाऊन आंघोळ केली की भागत होतं. घोडं अडलं ते बिगुलांपाशी. ते तोंडाला लावायचे, आणि हे तर कुठल्या कुठल्या सोजिरांच्या तोंडचे! आयांची कुजबुज सुरू झाली. इंजिनियर बापांनी "आम्ही नाही हो मानत, पण घरात ऐकतंय कोण?" म्हणून अंग काढून घेतलं.

मास्तरांनी पालकांची सभा घेतली. "पितळेचं भांडं चिंचेनं घासलं की शुद्ध, हे मी तुम्हाला सांगायचं?" ते कडाडले. "तुम्ही विमानं बांधायला निघालात आणि पोरांनी उष्टं धरून बसायचं?" सभा वरमली. मास्तरांना सुधारक झाल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवस ते जरा ताठच चालले.

तेव्हापासून शिपाई कल्लाप्पा रोज बिगूल घासू लागला. तो बेळगावकडचा. म्हणायचा, "मास्तर, देवाच्या समईला बी एवढी चिंच लागत न्हाई बघा."

एवढं सगळं करून मास्तरांनी स्वतःसाठी मात्र नवाकोरा बिगूल आणला. कोणी विचारलंच तर सांगत, "आमचे ओठ वेगळ्या बनावटीवर बसलेत." खरं कारण त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांची बायको नीला तो बिगूल धुतल्या फडक्यात गुंडाळून उंच फळीवर ठेवी.

रोज संध्याकाळी मैदानात सराव चाले. बिगूलवाले चौघे, त्यांत मास्तरांचा मुलगा हरीही होता. मास्तर पुढे उभे राहून फुंकत, मागे चौघांचे गाल टम्म फुगत. येणारे-जाणारे थांबून म्हणत, "वा! चौघांचा सूर कसा एकच लागतो!" मास्तरांची छाती फुगे. एकदा जेवताना ते नीलाला म्हणाले, "पोरं माझ्या सुरात इतकी मिसळलीत की मला माझाच सूर ऐकू येतो." नीलानं त्यांना आणखी आमटी वाढली आणि विषय संपवला.

सव्वीस जानेवारीला दामोदरपंतांनी ऐन वेळी नवीनच काढलं. "बँडमास्तर स्वतः फुंकत नसतो. हे पांढरे हातमोजे घाला आणि छडी घेऊन पुढे उभे राहा." मास्तर हातमोज्यांवर खूश झाले. बिगूल घरीच फळीवर राहिला.

साहेब आले, झेंड्याच्या दोरीपाशी उभे राहिले. मास्तरांनी छडी उचलली. ड्रम दणाणले. छडी बिगूलवाल्यांकडे वळली. चौघांचे गाल फुगले, डोळे वटारले गेले, आणि आवाज काही निघेना. छडी पुन्हा वळली. गाल पुन्हा फुगले. साहेबांचा हात दोरीवर तसाच राहिला.

मास्तर हरीजवळ सरकले. "फुंक की रे!"

"आईनं तोंडाला लावायचा नाही म्हणून सांगितलंय. नुसते गाल फुगवायचे."

"आणि हे तिघं?"

"त्यांच्या आयांनी पण तेच सांगितलंय."

"अरे, पण रोज चिंचेनं घासतो ना आपण?"

"मग तुम्ही का नवा आणलात, बाबा?"

मास्तर नीलावर चिडले, मग पोरावर. चिडायला तिसरं कोणी सापडेना, तेव्हा त्यांना स्वतःकडे वळावं लागलं, आणि भर मैदानात मेल्याहून मेल्यासारखं झालं. दामोदरपंत डोळ्यांनी खुणावत होते. मास्तरांनी छडी टाकली, हरीच्या हातातला बिगूल ओढून घेतला. सवयीनं हात रुमालाकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला, डोळे मिटले आणि बिगूल तोंडाला लावला. चिंचेची आंबट चव लागली. सलामी खणखणीत वाजली, झेंडा वर गेला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि हरीकडे बोट दाखवलं. "सरी, ठीक आहे, आता या मुलाला वाजवू दे."

हरीनं बिगूल घेतला. बापाच्या तोंडचा चालतो की नाही, याबद्दल आईची काही सूचना नव्हती. त्यानं फुंकला. रेडकू हंबरावं तसा आवाज निघाला. बाकीचे तिघे खो खो हसले, आणि मग त्यांनाही राहवेना. चार बिगूल, चार सूर, त्यांतला एकही धड नाही. समोर बसलेल्या आयांचे पदर तोंडाला गेले.

साहेबांची हसता हसता पुरेवाट झाली. मोटारीत बसताना ते दामोदरपंतांना म्हणाले, "पोरांत दम आहे हो. आता त्यांना शिकवायला एखादा चांगला मास्तर नेमा."

मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि यंदाच्या उन्हाळ्यात काय होणार तेही त्यांना कळलं. त्यांनी हातमोजे काढून कल्लाप्पाच्या हातात दिले. मागे पोरं अजून फुंकतच होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मास्तरांना स्वतःचा सोडून दुसऱ्या कोणाचा सूर ऐकू येत होता.