दळणाच्या रांगेतली रुग्णगाडी

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णगाडी आहे आणि मी संतापलेली आहे. मला इंजिन नाही, भोंगा नाही. दोन चाकं, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेली ताडपत्री आणि डोक्याशी ऊन अडवायला छोटंसं छत. मला सायकलच्या मागे जोडायचं, पुढच्यानं पायडल मारायचं आणि माझ्यात आडवं झालेल्यानं देवाचं नाव घ्यायचं. एवढंच माझं यंत्र.

मलावी देशात, झोम्बा शहरातल्या एका वेल्डरनं मला घडवलं. माणूस श्रद्धाळू होता. एकेक जोड थंड झाला की त्यावर तळहात ठेवून म्हणायचा, "देवा, इथे कुणाची तरी कंबर टेकणार आहे, सांभाळ." मला नालिपिरी गावात आणलं त्या दिवशी बायका नाचल्या, गायल्या. पाद्रीबाबांनी माझ्यावर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. शहरातल्या साहेबांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. दवाखान्यापर्यंतचा रस्ता पुढच्या वर्षी नक्की होईल, असंही ते सांगून गेले. रस्ता अजून यायचा आहे. साहेबांचं पुढचं वर्ष फार लांबचं असतं!

तरी मी वाळूतून धावले, ओढ्यातून धावले. तापानं फणफणलेली म्हातारी माणसं नेली, आंब्यावरून पडलेली पोरं नेली. सगळ्यात जास्त नेल्या त्या दिवस भरलेल्या बायका. जाताना एकटी गेलेली बाई परतताना दुकटी होऊन यायची, तेव्हा माझ्या नळ्यानळ्यांत आनंद वाजायचा. एका बाळानं तर ओढ्यातच जन्म घेतला. त्याच्या आजीनं त्याचं नाव ठेवलं न्जिंगा, म्हणजे सायकल. शाळेत पोरं अजूनही त्याला पाहिलं की तोंडानं घंटी वाजवतात.

गावाचे मुखिया चिपोन्डे यांनी तेव्हा नियम केला, की कुणी बाई घरी बाळंत झाली तर तिच्या घरच्यांनी दंड म्हणून एक बकरी द्यायची. नियम वाईट नव्हता. घरातल्या अंधारात फार बायका गेल्या होत्या. पण मला ठेवलं होतं मुखियांच्याच अंगणात आणि माझ्या साखळीची किल्लीही त्यांच्याच खिशात. एके दिवशी ते म्हणाले, "गाडी नुसती उभी राहिली की गंजते." झालं! आधी त्यांच्या बहिणीचा मका माझ्यावर चढला, मग तंबाखूचे गठ्ठे चढले, मग काय काय चढलं ते विचारूच नका. ताडपत्री फाटली, चाकाच्या तारा तुटल्या. कळा देत दारात आलेल्या बाईला ऐकावं लागायचं, "आज गाडी नाही." ती बिचारी घरी परत जायची, घरीच बाळंत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी मुखियांचा माणूस तिची बकरी सोडून न्यायचा.

गाडीही त्यांनीच अडवायची आणि बकरीही त्यांनीच न्यायची! राग हा मोठा शत्रू, असं पाद्रीबाबा सांगत. मी फार दिवस गिळला. पण काही राग गिळणं हेच पाप असतं.

गावातल्या फालेसीच्या लेकीचे, एनिफाचे दिवस भरले होते. पहिलटकरीण. त्या मुलखात मामाच्या शब्दाला बापापेक्षा वजन. मामाच्या होकाराशिवाय भाचीला दवाखान्यात हलवत नाहीत. एनिफाचा मामा वायसन हाच मुखियांचा मका ओढणारा. त्या दिवशी मला घेऊन तो तिठ्यावरच्या गिरणीत गेला होता. बऱ्याच दिवसांनी वीज आली होती, त्यामुळे रांग ही एवढी. मी पोती अंगावर घेऊन रांगेत उभी असताना फालेसी धावत आली. पाय अनवाणी, कमरेचं वस्त्र सुटायला आलेलं.

"वायसन, गाडी सोड. एनिफाचं पाणी गेलंय."

"ताई, आत्ता आपलाच नंबर आहे. एवढं दळण होऊ दे. वीज गेली तर मुखिया मला सोलून काढतील."

"आणि पोरगी गेली तर?"

"असं अभद्र बोलू नये. पहिल्या खेपेला वेळ लागतोच."

"तू किती वेळा बाळंत झालास रे?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. वायसननं मात्र माझा दांडा घट्ट धरून ठेवला. "मुखियांची गाडी आहे ताई, त्यांना विचारल्याशिवाय कशी देऊ?"

फालेसीनं मग विचारलंच नाही. एकेक पोतं ओढून तिनं जमिनीवर आपटलं. एक फुटलं, मका चहूकडे उधळला. दोन बायका तिच्या मदतीला धावल्या आणि वायसन मुकाट्यानं सायकलवर बसला.

एनिफा माझ्यात आडवी झाली तेव्हा तिचं ओझं मला फुलासारखं वाटलं. मी जीव तोडून धावले. पण पोत्यांनी वाकवलेलं माझं डावं चाक वाळूत रुतलं आणि दुमडलं. ना गाव जवळ, ना दवाखाना. तिथेच माझ्या फाटक्या ताडपत्रीवर मुलगी जन्मली. ती रडली नाही. फालेसीनं तिच्या तोंडात वारा फुंकला, पाठ चोळली, देवाला हाका मारल्या. ती रडलीच नाही. वायसननं एनिफाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. एनिफा वाचली.

अशा बाळासाठी तिथे मोठ्यानं रडत नाहीत. पुरुष जात नाहीत, ढोल वाजत नाही. चार बायका जातात आणि पुरून येतात. इतक्या गुपचूप की ज्यांनी ऐकायला हवं, त्यांना काही ऐकूच जात नाही.

आणि मित्रांनो, यानंतर मुखियांचा निरोप आला, की बाळंतपण दवाखान्यात झालं नाही, तेव्हा बकरी द्यावी.

झाडाखाली गाव जमलं. माझा मोडका सांगाडाही तिथेच आणून टाकला होता. फालेसी आपली बकरी घेऊन आली.

"नियम सगळ्यांना सारखा," मुखिया म्हणाले.

"सारखाच ना? मग ही घ्या माझी. माझी लेक वाटेत बाळंत झाली, त्याची. आता जिच्यात बसून वेळेवर पोचायचं ती गाडी ज्यानं गिरणीवर धाडली, त्याची बकरी कुठाय?"

"मग काय गाडी रिकामी उभी ठेवायची?"

"हो, रिकामीच! गाडी भरून ठेवली म्हणून माझ्या नातीचा खड्डा भरला, मुखिया."

वायसन खाली मान घालून उठला. "पोती मी ओढली," तो म्हणाला. "एक बकरी माझ्याकडूनही घ्या."

मुखिया मात्र बसूनच राहिले. तेवढ्यात त्यांची बायको लोंजेझो उठली. घरच्या गोठ्यात गेली, दावं सोडलं आणि सगळ्यांत धष्टपुष्ट बकरी ओढत आणून तिनं दावं फालेसीच्या हातात दिलं. मग नवऱ्यापुढे हात पसरला. "आता किल्ली."

मुखियांनी किल्ली दिली.

त्या बकऱ्या विकल्या, त्यातून मला नवं चाक आलं, नवी ताडपत्री आली. आता मी फालेसीच्या दारात उभी असते आणि गावातले लोक म्हणतात, बघा, कशी नव्यासारखी झाली! मला ते कौतुक गोड लागत नाही. एक मुलगी देऊन घेतलेलं चाक आहे ते.

मित्रांनो, मला हार घालू नका. तुमच्याही गावात माझी एखादी बहीण असेल, दवाखान्याची गाडी असेल, शाळेची खोली असेल. तिच्यावर कुणा मोठ्याची पोती चढलेली दिसली, तर ती खाली ओढा. आणि कुणाची परवानगी मागत बसू नका.